जाण्याचे ठिकाण

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला आश्चर्य वाटायला नको. कार्यालयात माझ्या पाठीमागं मला ‘ठिणगीबाई’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, पण तोंडावर म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या तपासणी कक्षात मी एकवीस वर्षं आहे. देशातल्या कुठल्याही तुरुंगात, बालसुधारगृहात, मनोरुग्णालयात न सांगता आत शिरायचा अधिकार कायद्यानं आम्हाला दिलाय. परवानगी मागायची नाही, आधी कळवायचं नाही. आम्ही कुठल्या खात्याच्या हाताखाली नाही आणि कुठल्या मंत्र्याच्याही नाही. नव्या लोकांना हे शिकवताना माझा आवाज आपोआप चढतो. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणतो, “तू हे सांगायला लागलीस की खुर्चीवर उभी राहिल्यासारखी दिसतेस.”

तर त्या मंगळवारी शिवणकामवाली बाई तिसऱ्यांदा आली. ही घरी बसून लोकांचे कपडे उसवून-शिवून देते. अंगावरच्या कुडत्याच्या कडेला चार टाचण्या टोचलेल्या असतातच, त्या काढायचं तिच्या लक्षात राहत नाही. तिचा थोरला भाऊ सहा वर्षं शहराबाहेरच्या मनोरुग्णालयात आहे. पूर्वी तो घड्याळं दुरुस्त करायचा. ती त्याला दादा म्हणते, आणि ऐकून ऐकून आमच्या कक्षातही त्या फाइलचं नाव ‘दादाची फाइल’ पडलं होतं.

तिची तक्रार एका ओळीची होती. दादाला चादरीच्या पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवतात, दिवसासुद्धा.

दोन वर्षांत आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा फरशी लख्ख, खिडक्या उघड्या, खाटांवर धुतलेल्या चादरी. दादा लांब बाह्यांचा कोरा सदरा घालून खाटेवर बसलेला, जरा गुंगीत. बाकीचेही तसेच बसलेले. मी दोन्ही अहवालांत लिहिलं, ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’, आणि खाली सही ठोकली. आमच्याकडं नियम असा, की हा शेरा दोनदा पडला की फाइल बंद. त्याच तक्रारीवर ती पुन्हा उघडता येत नाही. शुक्रवारच्या बैठकीत दादाची फाइल बंद व्हायची होती.

“शुक्रवारी बंद करताय म्हणे,” ती म्हणाली.

“हो. दोनदा जाऊन आलो आम्ही. काही सापडलं नाही.”

“सापडेल कसं? तुम्ही यायच्या आदल्या दिवशी झाडून सगळ्यांना आंघोळ घालतात. दादा मला म्हणतो, त्या आयोगवाल्यांना दर आठवड्याला बोलवत जा. निदान साबण तरी मिळेल.”

मला आधी हसू आलं आणि पाठोपाठ राग. मी तिला आमची पद्धत ऐकवली. भेटीची टिपणी मी हातानं लिहिते, संगणकावर टाकतसुद्धा नाही. पाकिटाला लाख लावून अध्यक्षांकडं जाते. तारीख आम्हा तिघांनाच माहीत असते, अध्यक्ष, ज्या सदस्य येणार त्या आणि मी. चालकालासुद्धा गाडीत बसल्यावर कुठं जायचं ते सांगतो.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. “मग त्यांना कळतं कसं?”

ती आरोप करत नव्हती, नुसतं विचारत होती. त्याचाच मला जास्त राग आला.

“तुमचा दादा खोटं बोलत असेल,” मी म्हणाले.

“त्याचं डोकं बिघडलंय, बाई. खोटं बोलायला डोकं ठिकाणावर लागतं.”

ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी थांबून म्हणाली, “शुक्रवारनंतर मी कोणाकडं जायचं, तेवढं मात्र सांगून ठेवा.” मी फाइलची दोरी बांधत राहिले. आमच्या वर कोणी नाही, हे तर मीच लोकांना शिकवत होते.

ती गेली आणि माझं डोकं फिरलं. तिघांतला कोणी फुटणार नव्हता. मग उरलं कोण? आमचे शिपाईकाका. काका दोन वर्षांत निवृत्त होतील. सगळी टपाल-पाकिटं त्यांच्या हातून जातात. मी त्यांना बोलावलं आणि दार न लावताच सुरू झाले. मनोरुग्णालयात तुमचं कोण आहे, इथल्या बातम्या तिकडं कोण पुरवतं, इतकी वर्षं इथलं मीठ खाऊन लाज कशी वाटत नाही. तोंडाला येईल ते बोलले. बाहेर टंकलेखनाचा आवाज थांबलेला मला ऐकू येत होता, तरी बोलत राहिले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, तारीख मला माहीत असते. तुम्हीच देता की मला.”

“मी? मी कधी दिली?”

ते बाहेर गेले आणि गाडीच्या मागणीचा फॉर्म घेऊन आले.

हे जरा समजावून सांगायला हवं. आयोगाला स्वतःची गाडी नाही. आयोग स्थापन झाला तेव्हा अर्थखात्यानं तिला कात्री लावली, आणि सरकारी वाहन विभागाकडून लागेल तेव्हा मागून घ्या असं सांगितलं. तेव्हापासून आम्ही मागून घेतो. त्याचा छापील फॉर्म आहे, तीन प्रतींचा, मध्ये कार्बन. जगातून कधीच हद्दपार झालेला तो कार्बन आमच्याकडं अजून सुखानं नांदतोय. गाडी कोणाला हवी, कधी हवी, किती माणसं, आणि चौथा रकाना, जाण्याचे ठिकाण. हा फॉर्म भरते मी. आणि मी फॉर्म अर्धवट कधी भरत नाही. कोणी चौथा रकाना मोकळा सोडला की मीच तो फॉर्म त्याच्या अंगावर फेकते.

काकांनी फॉर्म उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मागं बारीक अक्षरात छापलं होतं. पहिली प्रत वाहन विभागास. दुसरी कार्यालयीन नोंदीस. तिसरी, ज्या कार्यालयास भेट द्यावयाची त्या कार्यालयास, प्रवेश व वाहन उभे करण्याच्या सोयीसाठी, किमान एक दिवस आधी.

“तिसरी प्रत मीच नेऊन देतो,” काका म्हणाले. “दर वेळी. तुमची सही असते, शिक्का असतो. मला वाटलं, तशीच पद्धत असेल. मोठ्यांच्या कामात आपण कशाला तोंड घालायचं?”

एकवीस वर्षं मी त्या फॉर्मची पुढची बाजू डोळ्यांत तेल घालून भरली होती, आणि मागची एकदाही वाचली नव्हती. इकडं पाकिटाला लाख लावायची, आणि तिकडं त्याच दिवशी स्वतःच्या सहीनं वर्दी द्यायची. काकांची माफी मागायला हवी होती. मी ‘बसा’ एवढंच म्हणाले. ते बसले नाहीत. “टपाल राहिलंय,” म्हणून निघून गेले, आणि ते बरोबरच केलं त्यांनी.

मी भेटींची नोंदवही काढली. एकशे बारा अचानक भेटी. ‘तथ्य आढळले नाही’ हा शेरा कितींवर आहे ते मोजायला घेतलं आणि थोड्या वेळानं वही मिटून ठेवली. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आमची वाट बघत बसलेलं असणार, आणि आम्ही आतल्या लोकांना नुसती आंघोळ मिळवून देऊन परत आलो असणार.

घरी नवऱ्याला सांगितलं. एरवी तो चिमटा काढल्याशिवाय राहत नाही. त्या संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तो एवढंच म्हणाला, “शुक्रवार परवावर आलाय ना? नाही, तेरवा. मग रडायला वेळ आहे तुला?”

बुधवारी सकाळी मी आमच्या नव्या सदस्यबाईंना गाठलं. बाई तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, नंतर मुख्य परिचारिका, आणि अजूनही चालताना खाटांमधून वाट काढत असल्यासारख्या चालतात. त्यांना फॉर्म दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मागची बाजू वाचली. मग मला घेऊन थेट अध्यक्षांच्या खोलीत गेल्या.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. माणूस सरळ, पण पाय टाकायच्या आधी जमीन चार वेळा चाचपून बघणारा. फॉर्म वाचून त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “फॉर्म बदलून घेऊ. मी आजच अर्थखात्याला लिहितो. तोवर भेटी स्थगित.”

“आणि शुक्रवारची फाइल?” मी विचारलं.

“नियमानं ती बंद होईल. नवी तक्रार आली तर बघू.”

“उद्या जाऊन येतो आम्ही दोघी,” सदस्यबाई म्हणाल्या. “बसनं.”

“बसनं? आयोगानं? शोभतं का ते?”

“शोभायला आपण लग्नाला निघालोय का?”

अध्यक्षांनी फॉर्म पुन्हा एकदा उलटून पाहिला. मग टिपणीवर सही केली आणि पाकिटाला लाख न लावताच माझ्या हातात दिली.

गुरुवारी साडेनऊच्या बसनं आम्ही निघालो. उभ्यानंच. सदस्यबाईंच्या पायावर एकाची पेटी आदळली तेव्हा त्यांनी त्याला जे सुनावलं, ते आयोगाच्या सदस्याला खरंच शोभणारं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चालत गेलो. फाटकावरच्या रखवालदारानं आमची ओळखपत्रं उलटीपालटी करून पाहिली.

“आयोगाचे लोक गाडीतनं येतात,” तो म्हणाला. “गाडी कुठंय?”

“गाडी नाही.”

“आणि तुमचा कागदही नाही आला. कागद येतो आधी.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि यावेळी राग कोणावर काढावा हेही कळेना. मी कायद्याचं पुस्तक उघडून कलम त्याच्या नाकासमोर धरलं. तो ओठ हलवत सावकाश वाचायला लागला. मध्येच फोनकडं त्याचा हात गेला, तर सदस्यबाईंनी तो फोनच उचलून आपल्याकडं घेतला. “आधी वाचून पुरं करा,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.” त्यानं पुरं वाचलं. मग वर बघून म्हणाला, “म्हणजे आम्हाला तुम्हाला अडवताच येत नाही?” “नाही.” “कधीच नाही?” “कधीच नाही.” त्यानं फाटक उघडलं. मला वाटतं, त्यालाही जरा बरं वाटलं असावं.

पुरुषांचा तिसरा कक्ष मागच्या बाजूला. दार ढकललं तर आधी वासच अंगावर आला. मी दोनदा याच खोलीत उभी राहून अहवाल लिहिला होता, आणि ही तीच खोली हे मला पटायला वेळ लागला. फरशी ओली, पण पाण्यानं नव्हे. खिडक्या बंद. साठ खाटा असतील. त्यांतल्या अकरांवर माणसं बांधलेली होती. चादरीच्या फाडलेल्या पट्ट्या मनगटांना आणि खाटेच्या दांडीला. एक जण झोपेतच पट्टी ओढत होता.

कक्षात एकच सेवक होता. आम्हाला बघून त्याच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. “दोघंच असतो आम्ही इथं,” तो म्हणाला. “आज दुसरा आला नाही. मी एकटा साठ जणांना कसा आवरू? सांगा तुम्हीच.” तो खोटं बोलत नव्हता. मी तेही लिहून घेतलं.

दादा खिडकीकडच्या खाटेवर होता. सदरा नव्हता अंगात. दोन्ही हात बांधलेले. सदस्यबाईंनी कोणाला न विचारता गाठी सोडायला घेतल्या. तीस वर्षांच्या सरावाची बोटं होती ती, पण गाठी ओल्या होऊन बसल्या होत्या, लवकर सुटेनात. पट्टीखालचं मनगट पाहून मी दुसरीकडं बघितलं. मग स्वतःलाच दटावलं आणि पुन्हा तिकडं बघितलं. बघायलाच तर आले होते.

दादा माझ्याकडं टक लावून होता. “तुम्ही त्या,” तो म्हणाला. “लिहिणाऱ्या.”

“हो. मागच्या वेळी आले होते मी.”

“मी तुम्हाला हात दाखवले होते.”

“कधी?”

“तुम्ही निघालात तेव्हा. बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात वर धरले. असे.” सुटलेला एक हात त्यानं उचलला, मनगट माझ्याकडं करून. “औषध जास्त दिलं होतं, हात वर राहत नव्हता. तरी धरला. तुम्ही बघितलं माझ्याकडं.”

मला आठवलं. दारापाशी पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं होतं. लांब खाटेवर एक माणूस दोन्ही हात वर करून हलवत होता. मला वाटलं, निरोप देतोय. बरं वाटलं मला. मी हसून उलट हात हलवला होता.

हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते माहीतच होतं.

मग अधीक्षक धावत आले, गळ्यातला टाय सावरत. “निदान कळवायचं तरी,” ते म्हणाले. “काही सोय केली असती.”

“त्यासाठीच नाही कळवलं,” सदस्यबाई म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडं वळल्या.

चार तास आम्ही तिथं होतो. अकरा जणांना सोडवलं, मनगटांची तपासणी करून घेतली, छायाचित्रं घेतली, औषधांच्या नोंदी ताब्यात घेतल्या. शुक्रवारी फाइल बंद झाली नाही. उलट आयोगानं आरोग्यखात्याला तातडीचे निर्देश दिले, बांधणं ताबडतोब थांबवा, सेवकांची संख्या वाढवा, आणि अहवाल संसदेपुढं ठेवायचं ठरलं. आम्ही शिक्षा देऊ शकत नाही, कोणाला कामावरून काढू शकत नाही. बघायचं, लिहायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं, एवढंच आमच्या हाती आहे. म्हणून तर बघणं चुकलं की आमच्या हाती काहीच उरत नाही.

त्या बैठकीत अध्यक्षांनी माझ्या मसुद्यातला शेवटचा परिच्छेद खोडला. त्यात मी फॉर्मचं लिहिलं होतं, तिसऱ्या प्रतीचं, आणि एकशे बारा भेटींचं. “फॉर्म आपण बदलतोय,” ते म्हणाले. “मग हे चव्हाट्यावर आणून काय साधणार? लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडाला तर ते जातील कुठं?” सदस्यबाईंनी विरोध नोंदवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आता ठिणगी पडणार हे ठरलेलंच होतं. मी मूग गिळून बसले. आणि खरं सांगायचं तर परिच्छेद खोडला गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला फॉर्मपेक्षा जास्त वाटते.

सोमवारी सकाळी मी आधी काकांकडं गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांची माफी मागितली, कारण बोललेही सगळ्यांच्या देखतच होते. ते “असू दे, बाई” म्हणाले, पण अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत.

अकराच्या सुमाराला शिवणकामवाली बाई आली. रविवारी ती दादाला भेटून आली होती. दादा अंगणात बसला होता म्हणे. मनगटाला मलम लावलं होतं. तिनं येताच माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही नसतात तर कोणी उघडलं असतं ते दार?” ती म्हणाली. “बसनं आलात म्हणे तुम्ही. दादानं सांगितलं. मोठं मन लागतं त्याला.”

मला ते सहन होईना. मी हात सोडवून घेतले.

“ताई, बसा,” मी म्हणाले. तिला मी ताई कधी म्हटलं नव्हतं. “त्यांना आदल्या दिवशी कसं कळतं, असं तुम्ही मला विचारलं होतंत.”

आणि मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म दाखवला, पुढून आणि मागून. दोन्ही वेळच्या प्रती काढून दाखवल्या, माझ्या सहीच्या. हात हलवल्याचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला नाही, इतका खाली गेला की तिला दोनदा ‘काय?’ म्हणून विचारावं लागलं.

तिनं ते कागद हातात घेतले. तारखा वाचल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“पहिल्या भेटीनंतर त्याला आठ दिवस सोडलं नव्हतं,” ती म्हणाली. “जेवायलासुद्धा. तक्रार का केली म्हणून.”

तिनं फॉर्म पुन्हा उलटा करून त्यावर बोट ठेवलं.

“हे तुम्ही अहवालात लिहिलंय?”

“लिहिलं होतं. खोडलं.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“नाही.”

तिनं कागद एकावर एक जुळवून टेबलावर ठेवले. बाहेर काका टपालावर शिक्के मारत होते, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “तुमच्याविरुद्ध तक्रार करायची असली तर ती कुठं करायची?”

माझ्या एकवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आणि मला या वेळी उत्तर शोधावं लागलं नाही. “इथंच,” मी म्हणाले. “तुम्ही लेखी दिलीत तर मला ती नोंदवावीच लागेल. नोंदवली की बैठकीपुढं ठेवावी लागते, आणि वर्षाच्या अहवालात छापावी लागते. मग ती कोणाला खोडता येत नाही.”

मी खणातून तक्रारीचा कोरा कागद काढून तिच्यापुढं ठेवला आणि पेन दिलं. कोणाविरुद्ध, या रकान्यात तिनं आयोगाचं नाव लिहिलं. मग माझं पूर्ण नाव विचारलं, हुद्दा विचारला, आणि तेही त्याखाली लिहिलं. काय घडलं ते तिनं चार ओळींत लिहिलं. माझ्या अहवालांपेक्षा ते बरंच स्पष्ट होतं.

शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली. कोणती दाद मागता. मला वाटलं, ती माझी नोकरी मागेल. मागितली असती तर मी वाद घातला नसता. तिनं थोडा विचार केला, वाकून सावकाश लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

‘दर महिन्याला यावे. न सांगता यावे. याच बाईंनी यावे, आणि दादाचे हात जवळ जाऊन बघावे.’

मी तक्रारीला क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि तिला पोच दिली.